मायच्या नावाची टिप

परवा भाचीने जेवणाच्या टेबलावर परदेश सहलीचं एक रंगीत पत्रक पसरलं. बर्फाचे डोंगर, बोटी, हसणारी जोडपी. चष्मा लावून मी सगळं वाचत गेले आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, एक ओळ सापडली. टिप अनिवार्य, दर माणशी, दर दिवशी. सेवाशुल्क वेगळं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अनिवार्य बक्षीस म्हणजे काय प्रकार आहे? सक्तीने पैसे घ्यायचे असतील तर ते भाड्यात धरा, मजुरीत धरा. पण नाही, सेवा करणाऱ्या माणसाने वाकलं पाहिजे, हसलं पाहिजे, आणि तुम्ही खिशात हात घालताना त्याने दुसरीकडे बघितल्यासारखं केलं पाहिजे. भाची म्हणाली, "मावशी, तू कायले एवढी तापून राहिली? सगळीकडे असंच असते." हेच वाक्य मी ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात ऐकलं होतं. त्या वेळी मी ते मुकाट्याने मानलं. राग खरा त्याचाच आहे, आणि तो इतक्या वर्षांत जराही निवला नाही.

तेव्हा मी रामाकोन्याच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि मायसोबत सौंसरला राहत होते. माय दवाखान्यातून आया म्हणून नुकतीच निवृत्त झाली होती. वडील आधीच गेले होते. फंडाचे पैसे हातात आले तेव्हा तिने घराचं छत बांधलं नाही की सोनं केलं नाही. "मले अनुराधापूरचा बोधीवृक्ष पाहाचा हाये," एवढंच म्हणाली. नागपूरच्या एका सहलवाल्याने वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेची यात्रा काढली होती. रेल्वेने मद्रास, तिथून रामेश्वरम, आणि तिथून बोटीने समुद्र ओलांडायचा. विमान नाही, म्हणून परवडणारी. पत्रकात स्वच्छ छापलं होतं, सर्व खर्च समाविष्ट. शाळेला सुट्टी होती. आमच्या राजधानीहून, भोपाळहून, पासपोर्ट यायला इतका वेळ लागला की मायने तो येणारच नाही असं धरून पापड करायला घेतले होते.

मायबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं म्हातारीचा हट्ट वाटेल. तिचं माहेर जाम नदीकाठचं, सावरगावचं. तिचे वडील गावकी करत. निरोप पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची, आणि सुगीत खळ्यावर जाऊन लोक देतील ते पदरात घ्यायचं. लग्नकार्यात पंगती उठेपर्यंत ही सहा-सात वर्षांची पोर मांडवामागे टोपली घेऊन उभी राहायची. पुढे, मायचं लग्न झाल्यावर, नागपूरला दीक्षा झाली आणि आजोबांनी एका दिवसात ते सगळं बंद केलं. त्या वर्षी माहेरी कण्या शिजल्या, कधी त्याही नाही, पण टोपली कुणाच्या दारी गेली नाही. त्या वर्षापासून मायने फुकटचं काही घेतलं नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं की घरचे लोक आयांच्या हातावर खुशी ठेवत, मुलगा असला तर जास्त. माय दोन्ही हात मागे बांधून उभी राहायची. "मले पगार हाये बाप्पा," म्हणायची. एका बागाईतदाराला याचा राग आला. त्याने नातू झाल्याच्या आनंदात संत्र्यांचा पेटारा थेट घरी आणून टाकला. मायने बाजारात भाव विचारला आणि तेवढे पैसे त्याच्या हातात दिले. तो माणूस सहा महिने आमच्याशी बोलला नाही.

आणि ती जशी घेत नव्हती तशी देतही नव्हती. हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागायचा. हमालाला ती ठरवून मजुरी द्यायची, घासाघीस न करता, आणि वर एक पैसा नाही. "त्याचं काम हाये, त्याचा दाम हाये. वरचं देल्लं का तो खाली अन् आपण वर," असं तिचं सरळ गणित होतं.

यात्रेत आम्ही तीस-बत्तीस जण होतो. नागपूरचे, कामठीचे, पांढुर्ण्याचे, बहुतेक आपल्याच समाजाचे. नोकरीतले, निवृत्त, काही विधवा बायका. सहलवालाही आपल्याच समाजाचा होता, हे मुद्दाम सांगते. सफारी सूट, काखेत रेक्झिनची बॅग, आणि बोलण्यात अर्धी हिंदी. बोट तलैमन्नारला लागली तेव्हा धक्क्यापलीकडे बस उभी होती आणि बसजवळ आमचा ड्रायव्हर. पन्नाशीचा, सावळा, पांढरा शर्ट आणि लुंगी. पुढचे आठ दिवस तोच आम्हाला फिरवणार होता.

पहिल्याच जेवणाला मायने विचारलं, "तो भाऊ कुठी हाये?"

"कोण, ड्रायव्हर? त्याचं वेगळं असते, मावशी. मागं."

मायने ताट उचललं आणि स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात गेली. मीही मागोमाग गेले. तो एका फळीवर बसून जेवत होता. ती त्याच्या शेजारी बसली, पिशवीतून जवसाच्या चटणीचा डबा काढला आणि चमचाभर त्याच्या ताटात वाढली. त्याने भाताकडे बोट दाखवून त्यांच्या भाषेतला शब्द सांगितला, तो जवळपास आपलाच निघाला. दोघंही हसले. माझ्या मोडक्या इंग्रजीची त्यांना फार गरज पडली नाही. पंचशील दोघांनाही पाठ होतं, चाल तेवढी वेगळी. रोज सकाळी बस सुरू करण्याआधी तो स्टिअरिंगवर हात जोडायचा आणि माय पहिल्या सीटवरून त्याच्याबरोबर म्हणायची. दुसऱ्या दिवसापासून तो तिला अम्मा म्हणू लागला.

वैशाख पौर्णिमेला मायने अनुराधापूरचा बोधीवृक्ष पाहिला. त्या दिवशी तिथे रस्तोरस्ती मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालतात. ड्रायव्हरने बस थांबवली आणि सगळ्यांना उतरा म्हणाला. माय उतरेना. फुकटचं जेवण म्हटल्यावर तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. तो दारात उभा राहून म्हणाला, सगळेच बसतात, अम्मा. तिने खिडकीतून पाहिलं. मोटारवाला आणि रस्त्यावरचा मजूर एकाच बाकावर बसले होते आणि वाढणारे लोक खाली वाकून, हात जोडून, प्रत्येकाला आग्रह करत होते. "अवं, इथं तं देणाराच हात जोडून राहिला," ती म्हणाली. मग उतरली आणि त्याच्या शेजारी बसून पोटभर जेवली. एवढं हसताना मी तिला वर्षात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी सहलवाल्याने चमच्याने ग्लास वाजवला.

"आता एक छोटीशी बात. परदेशात टिपची रीत असते. ड्रायव्हर, वेटर, रूमवाले, सगळ्यांना द्यावं लागते. मी रोज एक पाकीट फिरवतो. दर माणशी ठरलेलं. आखरीला आपल्या हातानं देऊ."

कामठीच्या एका बाईंनी विचारलं, सगळा खर्च समाविष्ट होता ना? हॉटेलच्या बिलातही सेवाशुल्क लावतात म्हणे.

"ते सेवाशुल्क मालकाचं. टिप माणसाची. सगळीकडे असंच असते."

पाकीट फिरलं. सगळ्यांनी पैसे टाकले. माझ्यापुढे आलं, मी टाकले. मायपुढे आलं तेव्हा तिने ते तसंच पुढे सरकवलं आणि उभी राहिली.

"भाऊ, त्या ड्रायव्हरची रोजी किती ठरली हाये?"

"ते आमचं अंदरचं असते, मावशी."

"कमी असन तं पुरी द्या. पैसे आमच्याकडून घ्या, तिकिटात लावा, मी आत्ता देतो. पण मजुरी म्हणून द्या. पाकीट कायले?"

तो हसला. शाळेत एखाद्या पोराने भलतंच उत्तर दिलं की वर्ग हसतो, तसे बाकीचेही हसले. पांढुर्ण्याचे एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "सावरगावची हाये, झेंडा सोडणार नाई." जाम नदीतल्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव पोळ्यानंतर एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीचं उदाहरण निघाल्यावर तर हशा आणखी वाढला. माझ्या आईचं म्हणणं तिथे एकटं सरळ उभं होतं आणि मी ब्रेडला लोणी लावत होते.

मग रोजचा तमाशा सुरू झाला. पाकीट फिरायचं, माय ते पुढे सरकवायची, आणि सहलवाला वहीत बघून म्हणायचा, "एक सीट बाकी." रोज. कँडीला बुद्धाच्या दंतधातूच्या विहारात रांगेत उभे असतानासुद्धा म्हणाला. बायका तिच्यापासून सीट सोडून बसायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, एवढ्या फंडाचं काय करणार म्हातारी, छातीवर घेऊन जाणार का? माय ऐकायची आणि दुपारी ताट घेऊन मागच्या अंगणात जायची. तिच्या दृष्टीने तिचं त्या माणसाशी सगळं नीट चाललं होतं.

माझं नीट चाललं नव्हतं. मी ड्रायव्हरला एकदा एकट्याला गाठून विचारलं होतं. त्याने आढेवेढे घेतले, मग सांगितलं की नेहमीपेक्षा कमी रोजीवर तो आलाय, कारण त्याला सांगितलं होतं, भारतातली पार्टी आहे, टिप भरपूर मिळेल. म्हणजे सहलवाल्याने त्याची मजुरी आधी कापली आणि तीच आमच्याकडून बक्षीस म्हणून गोळा करत होता. वर स्वतः दानशूर. आपल्याच माणसाने हे करावं! ज्याच्या बापाने खळ्यावर हात पसरला असेल त्याने दुसऱ्याची मजुरी भीक करून त्याच्या हातावर ठेवावी! त्या दिवशी मला त्याची ती रेक्झिनची बॅग समुद्रात फेकावीशी वाटली.

पण मी फेकली नाही. मी काय केलं ते सांगते.

सहाव्या दिवशी सहलवाल्याने मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुमच्या मायमुळे पूर्ण पार्टीचं नाव खराब होऊन राहिलं. लोक म्हणतात, सौंसरकडचे लोक असेच."

मी त्याला म्हणू शकले असते, त्या माणसाची कापलेली रोजी दे, मग नावाचं बघू. माझ्याजवळ सगळी माहिती होती. मी पर्स उघडली. मायच्या आठही दिवसांचे पैसे काढून दिले आणि म्हणाले, "तिच्या नावानं लिहा. पण तिला सांगू नका." तो म्हणाला, "अरे, हेच तर पायजे होतं." त्या संध्याकाळपासून "एक सीट बाकी" बंद झालं. मायला वाटलं, तो थकला. "समजलं वाटते त्याले," ती मला म्हणाली, आणि मी हो म्हणाले.

शेवटच्या दिवशी सकाळी बस निघण्याआधी सहलवाल्याने ड्रायव्हरला सगळ्यांसमोर उभं केलं, पाकीट दिलं, फोटो काढून घेतला आणि देणाऱ्यांची नावं इंग्रजीत वाचली. माय आत पहिल्या सीटवर बसून सामान मोजत होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं, तिचं लक्षही नव्हतं. ड्रायव्हरचं मात्र होतं. मायचं नाव आलं तेव्हा त्याने मान वर करून बसच्या खिडकीकडे पाहिलं. मी ते पाहिलं.

गाडी सुरू करताना त्याने हात जोडले, पण आवाज लागला नाही. माय एकटीच म्हणत राहिली.

दुपारी वाटेतल्या एका खानावळीत माय नेहमीसारखी ताट घेऊन मागे गेली. तो खुर्चीवर बसला होता. तिला पाहताच ताडकन उठला, खांद्यावरच्या फडक्याने ती खुर्ची पुसली, तिच्यापुढे केली, आणि स्वतः आपलं ताट हातात घेऊन भिंतीशी उभा राहिला. मायने त्याला बसायला खूण केली. त्याने मान हलवली. मग तो म्हणाला, "थँक यू, मॅडम."

इतके दिवस अम्मा म्हणणारा माणूस. तो उद्धट नव्हता, नाटकही करत नव्हता. पैसे घेतल्यावर कसं उभं राहायचं असतं ते त्याला माहीत होतं, तेवढंच. तो तसाच उभा राहून जेवत होता, लगबगीने, खाली बघून.

"काऊन उभा हाये तो?" मायने मला विचारलं. हात धुवायला आलेले पांढुर्ण्याचे काका हसत म्हणाले, "मावशी, तुम्ही टिप देल्ली ना त्याले. मान देऊन राहिला तो. शेवटी तुम्हीबी देल्लीच!"

मायने काकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिला विचारावं लागलं नाही. दवाखान्यात तीस वर्षं बायकांचे चेहरे वाचलेली बाई ती. तिने ताट खाली ठेवलं, हात धुतले आणि बसमध्ये जाऊन बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. धक्का येईपर्यंत तिने खिडकीबाहेरून नजर काढली नाही.

तलैमन्नारला उतरून सगळे सामान घेऊन कस्टमच्या शेडकडे निघाले. माय निघाली नाही. ती ड्रायव्हरसमोर जाऊन उभी राहिली. तो परत हात जोडून वाकायला लागला. तिने पदर सावरला, उजवा हात पुढे केला आणि तळवा उघडला.

"दे," ती म्हणाली.

त्याला काही कळेना. त्याला वाटलं, पैसे परत मागतेय. त्याने घाबरून शर्टाच्या आतून ते पाकीट काढलं. मायने मान हलवली. पाकीट त्याच्याच छातीशी दाबलं आणि पुन्हा हात पसरला.

"ते तुही मजुरी हाये, ठेव. मले तुह्या घरचं दे. काहीबी दे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांग त्याले. माय मागून राहिली म्हणा."

मला सांगावं लागलं. माझी आई तुमच्याकडे मागते आहे, काहीतरी द्या, हे वाक्य मी माझ्या मोडक्या इंग्रजीत, तीस माणसांसमोर, दोनदा म्हणाले, कारण पहिल्यांदा त्याला कळलं नाही. सहलवाला धावत आला. "मावशी, हे काय करून राहिल्या? सगळे पाहून राहिले."

"पाहू दे," माय म्हणाली. हात तसाच. साठीची बाई, भर उन्हात, धक्क्यावर हात पसरून उभी होती आणि तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिला ते किती जड जात होतं ते तिथे मला एकटीला कळत होतं. मी पुढे होऊन तो हात खाली करू शकले नाही, कारण तो वर मीच आणला होता.

ड्रायव्हरने खिसे चाचपले. शेवटी गाडीत गेला आणि डॅशबोर्डवरच्या बुद्धमूर्तीपुढचं एक नाणं घेऊन आला. ते त्याने दोन्ही हातांनी तिच्या तळव्यावर ठेवलं. तिने मूठ मिटली.

"आता बरोबर झालं," ती म्हणाली. "आता मले अम्मा म्हण."

मी हे त्याला सांगितलं की नाही, आठवत नाही. तो मात्र म्हणाला. अम्मा म्हणाला आणि तोंड फिरवून गाडीच्या मागे गेला.

बोटीत ती माझ्यापासून लांब, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसली होती. रामेश्वरमचा किनारा दिसायला लागल्यावर मी धीर करून जवळ गेले. तिच्यासाठीच केलं, असं सांगायचं मी ठरवलं होतं. लोक बोलत होते, तुला टोचत होते, मला बघवलं नाही. अर्धं बोललेसुद्धा.

"माह्यासाठी नाई केलं तू," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता, भाजीत मीठ कमी पडलं हे सांगतात तसा. "तुले माही लाज वाटली."